ओवीची भाषा

फ्रेंचच्या परीक्षेत ऐकण्याचा पेपर कुठलीही भाषा मराठीत ऐकवणारं कानातलं यंत्र, दुभाषा, काढून द्यावा लागे. सवय व्हावी म्हणून परिचारिका हेमांगीने रविवारी सकाळी तो काढला आणि सरावाचे संवाद लावले. दोन बायकांचं बोलणं बरंचसं कळलं, तिला हुरूप आला.

तेवढ्यात चार वर्षांची ओवी खरचटलेला गुडघा धरून रडत आली. ती काय सांगतेय, ते हेमांगीला अजिबात कळेना.

"ओवी, नीट मराठीत सांग ना गं!"

ओवीच्या कानात दुभाषा होता, तिला आईचं सगळं कळत होतं. ती पुन्हा तेच बोलली, जरा मोठ्याने. मग तिला सांभाळणाऱ्या यल्लक्का आल्या आणि तेलुगूत तिची समजूत घालू लागल्या. ओवीही तेलुगूच बोलत होती.

हेमांगीला उलगडा झाला. तिच्या बारा-बारा तासांच्या ड्यूटीत यल्लक्कांपाशी वाढलेली लेक मराठी शिकलीच नव्हती. हेमांगीने लेकीकडून ऐकलेलं पहिलं 'आई'सुद्धा दुभाष्याचंच होतं.

तिने संवाद बंद केले, ओवीला जवळ घेतलं आणि गुडघ्यावर हळूच बोट ठेवलं. "याला तू काय म्हणतेस?"

"मोकालु," ओवी हुंदका देत म्हणाली.

"मोकालू," हेमांगी म्हणाली.

ओवीने 'तसं नाही' अशी मान हलवली. "मोकालु."