वेगळं दार

"लोक इथून थेट तुमच्याकडे येतील," खोलीचं बाहेरचं दार उघडून दाखवत ती म्हणाली. "त्यांना माझ्या घरातून यायला नको."

वडिलांनी चौकटीवरून हात फिरवला. "सुतारकाम छान झालंय," एवढंच म्हणाले आणि आपली पेटी आत ओढू लागले.

ती आर्किटेक्ट होती. शांत घरं बांधण्यात तिचा हातखंडा होता. बाईंच्या घरात शेजाऱ्याची शिंकसुद्धा विचारल्याशिवाय आत येत नाही, अशी गवंडी तिची थट्टा करत. ही शांतता तिला कुठल्या कॉलेजाने शिकवली नव्हती. वडील पाळक. चर्चच्या आवारातल्या त्यांच्या घराला कडी अशी कधी लागलीच नाही. नवऱ्याने हाकललेल्या बायका, काम सुटलेले पुरुष, ज्यांना कुठेच थारा नाही असे सगळे तिथे येऊन पडत. दाराशी आला तो प्रभूने धाडलेला, असं वडील म्हणत. आई मुकाट्याने चहात पाणी वाढवी. लेकीच्या पलंगावर कुणी परकी बाई रडत झोपलेली असे, आणि लेक पुस्तक घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसलेली. माझ्या घराला दारं असतील, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

आता आई राहिली नव्हती. वडील निवृत्त झाले आणि आवारातलं घर नव्या पाळकांना मिळालं. मग तिने आपल्या घराला लागून ही खोली बांधली. कामात कसूर केली नाही. सकाळचं ऊन बायबलच्या पानावर पडेल अशी खिडकी ठेवली. क्रुसासाठी भिंत मोकळी सोडली. येणाऱ्यांसाठी खुर्च्या आणल्या. खोली आणि आपला हॉल यांच्यामध्ये एक जाड दार बसवलं. त्यातून आवाज यायचा नाही.

सुरुवातीला चर्चच्या मंडळीतली काही माणसं येऊन गेली. मग कमी झाली. मग कोणीच फिरकेना. वडील मात्र रोज संध्याकाळी स्वच्छ सदरा घालून बसत. टेबलावर दोन कप मांडून ठेवत. ती ताट घेऊन बाहेरून वळसा घालून जाई. एकदा मधलं दार उघडलं की ती सवयच होईल, असं तिला वाटे. ताट ठेवून, कपांकडे पाहून ती परत फिरे. वाईट वाटे. आणि खरं सांगायचं तर, कुठे गेली ती सगळी माणसं, असंही एकदा विचारावंसं वाटे. मग ती आपल्या टेबलाशी एकटी जेवायला बसे. घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येई.

एका संध्याकाळी तिला राहवलं नाही. तिने नव्या पाळकांना फोन केला, सगळं ठरवलं आणि ताट घेऊन खोलीत गेली.

"पप्पा, मी पाळकसाहेबांशी बोललेय. दर रविवारी मंडळीतलं कोणी ना कोणी तुम्हाला भेटायला येईल."

"त्यांना कशाला त्रास?"

"रोज वाट बघत बसता, मला दिसत नाही का?" ताट ठेवता ठेवता तिचं लक्ष त्यांच्या खुर्चीकडे गेलं. "आणि बसता तेही बाहेरच्या दाराकडे पाठ करून. माणसं या दाराने येतात, पप्पा."

वडिलांनी टेबलावरचा दुसरा कप जरा पुढे सरकवला.

"तिकडे आवारातल्या घरी तू माझ्याशी बोलायला यायचीस," ते म्हणाले. "माझ्यासमोर कोणीतरी बसलेलं असायचंच. तू उंबऱ्याशी उभी राहायचीस, मग निघून जायचीस. मला दिसायचं, बाळ. उद्या बोलू म्हणायचो, आणि उद्या दुसरं कोणीतरी असायचं."

तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"आता कोणी नाही," मधल्या जाड दाराकडे बघत वडील म्हणाले. "म्हटलं, आता तरी तू येशील. म्हणून इकडे तोंड करून बसतो."