आबांच्या पेटीतलं पिल्लू

"ह्या खेपेला पण न्हाय," असं म्हणत दादासोंनी पेटीचं झाकण आपटलं.

एकविसावा दिवस उलटून तेविसावा लागला होता, आणि बारा अंडी जशी ठेवली तशीच होती. यल्लव्वा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ही दुसरी खेप. म्हणजे दीड महिना पाण्यात.

अंडी उबवायची ही लाकडी पेटी दादासोंच्या वडिलांची, आबांची. ते कोंबड्यांच्या सरकारी केंद्रावर पहारेकरी होते. केंद्र मोडलं तेव्हा त्यांनी ती लिलावात घेतली. नंतर हुपरीच्या घराच्या माळ्यावर चाळीस वर्षं तिच्यावर धूळ साचली. मुलानं, प्रसेनजीतनं, 'आता दोघंही पुण्याला कायमचे राहायला या' असा तगादा लावला, तेव्हा नेमकी दादासोंना ती आठवली. आबांच्या फोटोसमोर हात जोडून ते म्हणाले होते, "ह्या पेटीतनं एक जरी पिल्लू निघालं, तर त्याच दिवशी पुण्याची गाडी धरतो. शब्द हाय माझा."

आणि दादासो शब्द मोडत नाहीत, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

मग वाळवीनं खाल्लेल्या फळ्या बदलल्या, आतून जुन्या घोंगड्याचं अस्तर लावलं, रॉकेलच्या दिव्याच्या जागी दोन बल्ब बसवले. पॉलिश यल्लव्वानं स्वतः चोळलं, कारण घाई तिला होती. सुनेला, सोनमला, आठवा महिना होता आणि पोरीला आई नव्हती. यल्लव्वाचा सगळा जीव तिकडं लागला होता. पण सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागणारा, साधा चहाही करता न येणारा नवरा एकटा टाकून जायचं कसं?

"एखादी खुडूक कोंबडी बसवली असती," ती चिडून म्हणाली, "तर एव्हाना दोनदा पिल्लं फिरली असती अंगणात."

"कोंबडीखाली न्हवं, पेटीत. आबांपुढं बोललोय मी."

तिचे हात शिवशिवले. वाटलं, कुऱ्हाड घ्यावी आणि त्या पेटीचं सरपण करावं.

तसं न करता ती आजऱ्याला बहिणीकडं गेली. कोंबड्याबरोबर उकिरड्यावर हिंडणाऱ्या कोंबड्यांची ताजी बारा अंडी निवडून घेतली आणि एसटीत टोपली मांडीवर धरून आली. दादासोंनी दारातच ती तिच्या हातातनं काढून घेतली.

"दमलीयास. पड जरा. मी कोमट पाण्यानं पुसून ठेवतो."

जन्मात गॅसला हात न लावलेला माणूस स्वयंपाकघरात पातेलं शोधायला लागला. पडल्या पडल्या भांड्यांचा आवाज ऐकून यल्लव्वाला भरून आलं. हा एवढं मनापासून करतोय आणि आपण नुसत्या करवादतोय, म्हणून स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी प्रसेनजीतचा फोन आला.

"आई, डॉक्टरांनी तारीख अलीकडं आणलीया. तीनच आठवडे. सोनम सारखी तुझंच नाव घेती."

"येतोय रं आम्ही. ह्या खेपेला निघणारच पिल्लू."

दुसऱ्या दिवशी दादासो कटिंगला गेले. अंडी दिवसातनं तीनदा फिरवावी लागतात, पण हलका हात पाहिजे म्हणून ते तिला कधी हात लावू देत नसत. दहा वाजून गेले तरी त्यांचा पत्ता नव्हता. दुकानात गप्पांचा फड रंगला असणार. ह्याही खेपेला असंच काहीतरी नडायचं, या धास्तीनं तिनं झाकण उघडलं. सहा अंडी नीट फिरवली. सातवं घाईत बोटांतून निसटलं आणि फरशीवर पडलं.

यल्लव्वानं कपाळाला हात लावला. एक पिल्लू गेलं, आणि गेलं ते आपल्याच हातानं. दादासो यायच्या आत निपटावं म्हणून ती मोरीतलं फडकं पिळून घेऊन आली आणि गुडघे टेकून खाली बसली.

पुसायला काहीच नव्हतं. तिनं अंडं उचललं, तडकलेलं कवच नखानं सोललं. आत ते घट्ट उकडलेलं होतं.