स्वप्नातला निरोप

वडील गेल्याचा फोन आला तेव्हा पर्थहून घरच्या बेटावर जाणाऱ्या विमानात जागा होती. रायहाननं घरी कळवलं, जागा नाही. बापलेकांत चार वर्षं अबोला होता. दफन त्याच्याविना उरकलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी फोनवर माकशी, म्हणजे आईशी, तेच बोलणं होई. "काल पुन्हा आले होते रे हे स्वप्नात. पांढरे कपडे, चेहरा हसरा. म्हणाले, रायहानवर माझा राग नाही. गेलेलं माणूस स्वप्नात खोटं बोलत नाही, ठाऊक आहे ना?"

तेवढ्यावर रायहानला आठवडाभर झोप लागायची.

या शुक्रवारी मशिदीत इमामसाहेब स्वप्नांवरच बोलले. न पडलेलं स्वप्न पडलं म्हणून जो सांगेल, त्याला कयामतच्या दिवशी जवाचे दोन दाणे देतील आणि म्हणतील, मार यांची एकमेकांना गाठ. ती काही बसायची नाही, आणि त्याची सुटकाही व्हायची नाही.

संध्याकाळी रायहाननं फोनवर आईला ते सहज सांगितलं.

"ईदला ये," ती म्हणाली. "या वेळी मिळेल जागा."

"येतो, माक. काय आणू तुला?"

"जव आण थोडे. इथं मिळत नाहीत."

"जव कशाला?"

"गाठ मारायला आतापासूनच हात बसवावा म्हणते."