जुना कन्व्हर्टर

भगवानराव गॅरेजात आले, खुर्ची ओढून बसले आणि अंगदला म्हणाले, "वैनी कुठं हायत?"

"जेवायला गेलीय. काय काम होतं?"

"न्हाई, त्यांनाच विचारीन. तुमी चहा सांगा."

चौसाळ्यात हायवेला गॅरेज अंगदचं होतं. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायचा तो त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानंच. लग्नाआधी ती पुण्यात एका वर्कशॉपमध्ये ते काम शिकली होती. आता पार शिरूर कासारहून लोक तिचं नाव घेत यायचे आणि अंगदला चहा सांगायचे.

भगवानरावांच्या गाडीचा गिअरबॉक्स तिनं नव्या प्लेटा टाकून बंद करत आणला होता. उरला होता टॉर्क कन्व्हर्टर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसणारा भोपळ्याएवढा लोखंडी डबा. "जुना लावायचा न्हाई," काल तिनं भगवानरावांना बजावलं होतं. "जळक्या प्लेटांचा चुरा त्यात अडकलाय. वेल्डिंगनं बंद केलेला डबा, आतून धुता येत न्हाई. तोच चुरा पुन्हा गिअरबॉक्समधी जाईल अन् सगळी मेहनत पाण्यात."

भगवानरावांनी मान डोलावली होती. अंगदकडं कुणी बघितलंही नव्हतं.

आज चहा पिऊन भगवानराव टपरीकडं तंबाखू आणायला गेले, तेव्हा अंगदनं नवा कन्व्हर्टर खोक्यासकट ताडपत्रीखाली सारला. जुना पुसला, नवा दिसावा म्हणून त्यावर चंदेरी रंगाचा फवारा मारला आणि गिअरबॉक्सवर कसाबसा ढकलला; शेवटपर्यंत आत गेला का, ते बघितलंही नाही. महिना-दोन महिन्यांत गाडी जागेवर उभी राहील. मग विचारा म्हणावं वैनीला.

उज्ज्वला आली. गिअरबॉक्स उचलायच्या आधी तिनं कन्व्हर्टरवरून हात फिरवला. बोटं चंदेरी झाली.

ती बोटांकडं बघत राहिली. मग अंगदकडं बघितलं. तेवढ्यात भगवानराव परतले.

"झालं का, वैनी?"

तिनं बोटं फडक्याला पुसली. "न्हाई, दादा. माझ्या हातून जुनाच बसला. बदलावा लागंल."

भगवानरावांनी च्यॅक केलं. "घ्या! बाईमाणसावर सोडलं की असं होतं. अंगदराव, आता तुमीच बसवा. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका."

हेच ऐकायला अंगदचे कान किती दिवस आसुसले होते. ऐकलं, आणि त्याची नजर तिच्या हातातल्या चंदेरी फडक्यावर गेली.

उज्ज्वला बाजूला झाली. हात धुवायला नळावर गेली.

अंगदनं जुना कन्व्हर्टर ओढून काढला. ताडपत्रीखालचा नवा घेतला, गिअरबॉक्सच्या दांड्यावर चढवला. तो थोडा आत गेला आणि अडला. फिरवून पाहिला, दाबून पाहिला. अजून बोटभर बाहेरच. जोर लावला तर आतलं काही मोडेल, एवढं त्याला कळत होतं.

"झालं का, अंगदराव?"

नळाचं पाणी वाहत होतं. उज्ज्वलाची पाठ त्याच्याकडं होती.

"जुना मी लावलता, भगवानराव," तो म्हणाला. "हा कसा बसतो, तिला विचारा."

उज्ज्वलानं नळ बंद केला. पण ती लगेच वळली नाही.