अख्खी नोंद

बाबा गेल्याचा फोन आला. वृद्धाश्रमात पोचताच मी सिस्टरवर तोंड सोडलं. “चार दिवस तब्येत ढासळत होती, मला एक मेसेज नाही?” इथला प्रोग्राम मीच लिहिलेला, कुणाच्याही नोंदीत साधी गोळी बदलली तरी घरच्यांना मेसेज जायचा. “अहो, बाबांचं सगळंच बदललं होतं,” ती चाचरत म्हणाली. “एकेक रकाना कुठे खोडत बसणार? जुनी नोंद काढून अख्खी नवीच भरली.” प्रोग्रामला मी फक्त दुरुस्त्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. अख्खी नोंद कोण कशाला बदलेल, म्हणत त्यासाठीची ओळ गाळली होती. बाबांच्या रिकाम्या खाटेवर लॅपटॉप उघडून ती ओळ लिहिली, प्रोग्राम चार दिवसांपूर्वीच्या नोंदींपासून पुन्हा चालवला. खिशातला फोन थरथरला. मेसेजमध्ये आलेल्या नव्या नोंदीच्या तळाशी लिहिलं होतं: “मुलगा कधी येणार, सारखं विचारतात. सांगितलंय, मेसेज गेलाय.”