हिरवा बावटा

शेवटच्या मालगाडीचा फोटो शाळामास्तरांकडून हुकला. पण ते तूर्तास घडलेलं नाही असं समजू. गाडी अजून यायची आहे. जुनी लाइन उद्यापासून बंद. रुळांकडेला चार तास उभं राहून मास्तरांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. "अहो, तीस वर्षं डबेच टिपताय. माझे फोटो दोन, एकात डोळे मिटलेले," बायको म्हणाली. गाडी आली. शेवटच्या डब्यातून जुन्या गार्डने मास्तरांकडे बघून नेहमीसारखा हिरवा बावटा हलवला. दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतल्याने मास्तरांनी त्याला कधीच उत्तर दिलं नव्हतं. आज त्यांनी कॅमेरा सोडून हात हलवला. गार्ड इतका दचकला की बावटाच हातून सुटला. बायकोने तो उचलला, मास्तरांनी रेल्वेला अर्ज लिहिला: "बावटा परत करायचा असल्याने शेवटची मालगाडी कृपया पुन्हा सोडावी. डबे रिकामे चालतील. गार्ड मात्र तोच असावा."