सहावी फ्रेट

बाबांनी जिवंत असेपर्यंत मला त्यांच्या गिटारला हात लावू दिला नाही. ते गेले आणि पंधराव्या दिवशी मी तीच गिटार घेऊन क्लास लावला.

सरांनी ब्लूज स्केलचा, म्हणजे ब्लूज संगीताच्या सूरमालेचा, पहिला आकार शिकवला. "पाचव्या तारेवर पाचवी, सहावी, सातवी फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या या पट्ट्या. सहावी नीट दाब, ब्लूजचा जीव तिथेच आहे."

तोच सूर बाबांना खपत नसे. "असलं वाकडं माझ्या घरात वाजवायचं नाही," म्हणायचे.

घरी मी सहावी दाबली की सातवीचा सूर यायचा. दर वेळी. क्लासमध्ये मात्र तीच गिटार बरोबर वाजायची.

"एका तारेवर दोन बोटं असली की पुढच्या बोटाचाच सूर येतो," सर म्हणाले. "तुझं दुसरं बोट उचलत जा."

घरी आरशासमोर बसले. तारेवर माझं एकच बोट होतं. सहावी दाबली, सातवी वाजली.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सोड गं नाद. त्यांचा हट्ट तुला ठाऊक आहे."

"मीही त्यांचीच लेक आहे," म्हटलं, आणि दुसरं बोट सातवीवर आपटलं.

बोटाला तार लागलीच नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी नख लागलं.

मी आणखी जोरात दाबलं.